नाडीवर चालणारा वृंद

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही लेकीने आणून दिली. मुखपृष्ठावर सूर्यफूल आहे, त्याला माझा इलाज नाही. डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी वार्षिक तपासणीत बजावलं की रोज व्यायाम करायचा आणि काय केलं, कसं वाटलं ते लिहून ठेवायचं. मी म्हटलं, बसगाड्यांची वेळापत्रकं करणारा माणूस मी, आयुष्यभर लिहितोच आहे. त्या म्हणाल्या, आता स्वतःचं लिहा.

झालं ते असं. लिफ्ट बंद होती आणि तपासणी तिसऱ्या मजल्यावर. वर पोचलो तेव्हा "नमस्कार" हा एक शब्द मला दोन हप्त्यांत म्हणावा लागला. बाईंनी नाडी धरली आणि भुवया वर केल्या. बराच वेळ बसवून ठेवून पुन्हा धरली, तर भुवया होत्या तिथेच. बसल्या जागी चौऱ्याण्णव. म्हणाल्या, आजार काही नाही, पण हृदय आळशी झालंय, म्हणून त्याला फार काम पडतंय. आळशी असून फार काम कसं पडतं हे मला कळलं नाही. आमच्या ऑफिसात तरी असं होत नाही.

लेकीला हे कळवायची काय गरज होती? पण त्या दोघी एका शाळेतल्या. संध्याकाळी लेक वही घेऊन हजर. म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही खुर्चीतून फक्त गुरुवारी उठता." हे साफ खोटं आहे. मी रोज ऑफिसला जातो. तिथेही खुर्ची आहे एवढंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

व्यायाम आजपासून करणार होतो, पण गुरुवार म्हणजे तालीम.

आमच्या डेपोचा गाणाऱ्यांचा वृंद मी बावीस वर्षांपूर्वी उभा केला. चालक, वाहक, वर्कशॉपवाले, खिडकीवरचे असे दोन डझन आवाज. पाळी सुटली की कँटीनची टेबलं भिंतीला लावायची आणि गायचं. मी गात नाही, गायला लावतो. ही गेल्यावर पहिल्या गुरुवारी मी आलो नव्हतो, तर सगळे माझ्या घरी आले आणि जिन्यात उभे राहून गायले. तेव्हापासून एकही गुरुवार चुकवलेला नाही. खरं सांगायचं तर उरलेले सहा दिवस मी गुरुवारची वाट बघतो. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

माझी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन बोटं गळ्याला, जबड्याखाली, ठोका लागतो तिथे. डोळे मिटायचे, चार ठोके ऐकायचे आणि त्याच चालीवर उजवा हात खाली आणायचा. प्रत्येक कडव्याआधी पुन्हा तसंच, म्हणजे लय घसरत नाही. यावर आज पुन्हा एकदा स्टॉपवॉचने नाक मुरडलं. हा गृहस्थ हिशेब तपासणी विभागात आहे, वरच्या पट्टीत गातो आणि मोबाइलवर सगळ्याची वेळ लावतो, अंडं उकडण्यापासून भाषणापर्यंत. म्हणतो, मोबाइलमध्ये टिकटिक करणारं ॲप मिळतं, त्यावर लय घ्या. मी सांगितलं, घड्याळ बसगाड्यांसाठी. गाणं माणसाचं असतं, ते माणसाच्या नाडीवर चालतं. यंत्र बिघडतं, नाडी बिघडत नाही.

एप्रिलअखेर सगळ्या डेपोंची स्पर्धा आहे. आम्ही "पहिली बस" गाणार. शब्द आणि चाल दोन्ही माझी. पहाटे रिकामी बस डेपोतून निघते आणि गाव जागं होत जातं, अशी चार कडवी. यंदा नियम नवा आहे, सहा मिनिटांच्या वर गेलात की बाद. आम्ही पाचाच्या आत उरकतो, त्यामुळे मला त्याची फिकीर नाही.

तिसरं कडवं हरवलं-सापडलंच्या खिडकीवरच्या बाई एकट्या गातात. बाई दोन वर्षांपूर्वी बदलून आल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच असतात. दिवसभर लोकांच्या छत्र्या, डबे आणि कवळ्या सांभाळून आवाज इतका स्वच्छ कसा राहतो, कोण जाणे. त्यांच्या कडव्याला लय जरा वाढते. ते कडवंच मी तसं बांधलं आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चार मजले चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून पाणी दिलं आणि कुणाला फोन करू का विचारलं. पाय कापतात. राग येतो. कुणाचा ते ठरवता येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

लेकीच्या म्हणण्यावरून बाजारापासून डेपोपर्यंत झपझप चाललो. वाटेत माझ्याच वेळापत्रकातली गाडी मला मागे टाकून गेली. वाहकाने खिडकीतून हात केला आणि आत बसलेल्यांना काहीतरी सांगितलं, तशी सगळी बस मागे वळून बघायला लागली. गाडी चार मिनिटं उशिरा होती. तशी नोंद केली आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लिफ्ट सुरू होती तरी त्यांनी जिन्याने यायला लावलं. "नमस्कार" एका हप्त्यात म्हणालो.

आज मी त्यांना नीट विचारलं की हे हृदय करतं तरी काय. त्यांनी मूठ आवळून दाखवली. एवढासा स्नायू, आत चार कप्पे. उजवीकडचं रक्त फुप्फुसांकडे हवा भरून घ्यायला जातं, ते परत डावीकडे येतं आणि तिथून अंगभर. मधे झडपा, एकाच दिशेला उघडणाऱ्या, म्हणजे उलटं कुणी शिरत नाही. मूठ आवळली की रक्त बाहेर, सैल सोडली की पुन्हा भरतं. बसून बसून स्नायू ढिला पडला की एका आवळण्यात रक्त कमी निघतं, मग तो घाईघाईने जास्त वेळा आवळतो. व्यायामाने तो दमदार होतो, एका दमात जास्त लोटतो, आणि मग त्याला इतकं पळावं लागत नाही.

मी म्हटलं, हे तर माझंच खातं झालं. गाड्या अर्ध्या रिकाम्या सुटत असतील तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. गाड्या भरून जायला लागल्या की फेऱ्या कमी करता येतात, प्रवासी तेवढेच पोचतात आणि चालकांची दमछाक थांबते. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, इतकं चटकन कुणाला समजलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. एखादी गोष्ट एकदा कळली की मी ती शेवटपर्यंत नेतो.

गुरुवार, १३ मार्च

तालीम वाईट झाली. खर्जातल्या लोकांना ओळ पुरी होईपर्यंत दम पुरेना. वर्कशॉपमधला इंजिन, ज्याने एकदा ब्रेक लागत नव्हता म्हणून नुसतं ओरडून गाडीपुढची माणसं बाजूला केली होती, तो "धुक्यातून" या शब्दावर जांभळा पडला. मी विचारलं काय होतंय. म्हणाला, काही नाही, ओळ लांबलीये. ओळ बावीस वर्षं तेवढीच आहे. मी त्याला तसं सांगितलं.

माझा दम मात्र उत्तम आहे. चार मजले आता बोलत बोलत चढतो. बोलायला कुणी नसतं म्हणून वेळापत्रक म्हणतो.

गुरुवार, २० मार्च

आज पुन्हा तेच. सगळे धापा टाकतात आणि मी एकटा ताजातवाना. लोकांचं अंग सुटलंय, दुसरं काय. मी छोटंसं भाषण केलं. हृदय म्हणजे काय, गाड्या भरलेल्या आणि रिकाम्या, सगळं समजावलं आणि सर्वांना रोज जिने चढायचा आदेश दिला. डेपोच्या इमारतीत ताबडतोब दोन डझन माणसं जिना चढायला लागली. तिकडून महाव्यवस्थापक उतरत होते. त्यांना वाटलं मोर्चा आला, ते परत वर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

हरवलं-सापडलंच्या बाई माझ्या बरोबरीने चढल्या. त्यांना अजिबात धाप लागली नाही. म्हणाल्या, रोज सकाळी तलावाला फेरी मारते. मी म्हटलं, अरे वा.

गुरुवार, २७ मार्च

स्टॉपवॉचने आज बॉम्ब टाकला. गाणं संपताच मोबाइल वर धरून म्हणाला, सहा मिनिटं आणि वर बारा सेकंद. मी म्हटलं, तुझं घड्याळ तपासून घे. त्याने तिघांची घड्याळं दाखवली. मी म्हटलं, बॅटऱ्या एकाच दुकानातल्या असतील.

मग तो म्हणाला की तो गेले पाच आठवडे वेळ लावतोय आणि गाणं दर गुरुवारी लांबतंय. फक्त तिसरं कडवं पहिल्यासारखं वेळेत निघतं, त्याचं कारण त्याला सापडत नाही. कारण साधं आहे, ते कडवं चांगलं बांधलेलं आहे. मी बाईंकडे बघितलं, तर त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

इंजिन मधे पडला. तो पहिल्या दिवसापासून वृंदात आहे. म्हणाला, "भांडू नका. बावीस वर्षांपूर्वी हे गाणं असंच होतं, सावकाश. मग दरवर्षी तुम्ही थोडे थोडे पळायला लागलात. आम्हाला वाटलं, घरी जायची घाई असेल." मला हे पटलं नाही. माझी लय मी कधी बदललेली नाही. ती माझ्या अंगात आहे.

बुधवार, २ एप्रिल

वृंदाच्या समितीची बैठक झाली. समिती म्हणजे इंजिन, स्टॉपवॉच आणि कॅशियर, जी गात नाही पण चहाचे पैसे गोळा करते. ठरलं असं की १७ तारखेला शेवटची तालीम. त्यात गाणं सहा मिनिटांत बसलं तर मी. नाही बसलं तर स्पर्धेत स्टॉपवॉच समोर उभा राहणार, ॲपवर लय घेऊन, आणि पुढेही तोच. कॅशियर म्हणाली, बावीस वर्षं पुष्कळ झाली, आता आराम करा. मला आरामाचं नाव काढलं तरी धडकी भरते. आराम म्हणजे खुर्ची, आणि समोरची रिकामी खुर्ची.

मंगळवार, ८ एप्रिल

आज कळलं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली आणि टाळी वाजवली. बसल्या जागी चौऱ्याहत्तर. चौऱ्याण्णववरून चौऱ्याहत्तर. म्हणाल्या, पेढे द्या. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. मग मी दोन बोटं गळ्याला लावली, डोळे मिटले आणि "पहिली बस" मनात सुरू केली. धुक्यातून बस काही बाहेर पडेना.

गाड्या भरून जायला लागल्या, म्हणून फेऱ्या कमी झाल्या. मीच समजावून सांगितलं होतं, तेही भाषण करून. बावीस वर्षांपूर्वी मी चांगला धडधाकट होतो, तेव्हा गाणं सावकाश होतं. मग पोट वाढत गेलं, नाडी वाढत गेली आणि मागून गाणं. लोक टाळ्या वाजवून म्हणायचे काय जोश आहे. तो जोश नव्हता, ती माझी धाप होती.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, नाडी पुन्हा वाढवायची असेल तर काय करावं लागेल. त्यांना हा प्रश्न याआधी कुणी विचारला नसावा. म्हणाल्या, "धावा, घाबरा, नाहीतर कुणीतरी आवडू द्या. पण हे सगळं तात्पुरतं. कायमची वाढवायची तर पुन्हा खुर्चीत बसा." आणि हसल्या. मी हसलो नाही. माझा पर्याय ठरला होता.

गुरुवार, १० एप्रिल

व्यायाम बंद. लिफ्टने वर, लिफ्टने खाली. जेवणानंतर लोणी लावून पाव. तालीम आज नव्हती, कँटीनला रंग देतायत.

रविवार, १३ एप्रिल

लेक अचानक आली. मी खुर्चीत, मांडीवर बिस्किटांचा डबा. वही उघडी होती. वाचली तिने. मला वाटलं ओरडेल, पण ती समोरच्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली. गाण्यासाठी हृदय बिघडवून घ्यायचं, असं कुणी करतं का, म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं काय आहे. ती म्हणाली, "मी आहे ना बाबा. मला तुम्ही अजून वीस वर्षं हवे आहात, कुठल्याही लयीत."

मी डबा तिच्या हाती दिला. दोघं मिळून जिना चढलो-उतरलो. तिला माझ्यापेक्षा जास्त धाप लागली, ते मी तिला नंतर सांगितलं.

पण १७ तारखेचं काय करायचं ते कळत नाही. ॲप वापरणार नाही. इतकी वर्षं ज्याला नावं ठेवली, त्याच्यापुढे मान कशी तुकवायची?

गुरुवार, १७ एप्रिल

मार्ग काढला होता. डॉक्टरीणबाईंनीच सांगितला होता, धावा म्हणून. तालमीच्या आधी मी डेपोच्या आवाराला पळत तीन फेऱ्या मारल्या. पंक्चर काढणाऱ्यांनी काम थांबवून टाळ्या वाजवल्या. तसाच धडधडत कँटीनमध्ये शिरलो, दोन बोटं गळ्याला, आणि हात खाली.

पहिलं कडवं एक्सप्रेस सुटलं. धुकं आलं कधी आणि गेलं कधी कुणाला कळलं नाही, इंजिनच्या दोन ओळी तोंडातच राहिल्या. मी खूश. दुसऱ्या कडव्याआधी पुन्हा गळ्याला बोटं लावली. नाडी उतरत होती. आता माझं हृदय इतकं कामाचं झालंय की धावणं थांबताच ते जागेवर येतं. दुसरं कडवं साधी गाडी. तिसऱ्याला बाई पुढे आल्या तेव्हा जरा सावरलं. पण चौथ्याला मालगाडी. शेवटची ओळ संपेना, खर्जातले एकेक करून खाली बसले, आणि सगळं गाव जागं होण्याऐवजी पुन्हा झोपलं.

स्टॉपवॉचने वेळ सांगितली नाही. हा त्याचा मोठेपणा. मोबाइल खिशात घातला आणि माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसलो नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

स्टॉपवॉच उभा राहणार. मी खर्जातल्यांत मागच्या रांगेत उभा राहायचं, असं इंजिनने सुचवलं. मी हो म्हटलं. घरी येऊन हिच्या फोटोसमोर बसलो आणि सांगितलं की गुरुवार गेले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग चार मजले उतरलो, चढलो. लेकीला शब्द दिला आहे.

शनिवार, २६ एप्रिल

स्पर्धा झाली.

स्टेजमागे आमचा नंबर यायच्या आधी आयोजकांचा माणूस टोपली घेऊन आला. सगळ्यांचे मोबाइल टोपलीत, मागच्या वर्षी कुणाचा तरी गाण्याच्या मधे वाजला होता म्हणे. स्टॉपवॉचने मोबाइल छातीशी धरला. म्हणाला, यात माझी लय आहे. तो माणूस म्हणाला, गाणं झालं की परत मिळेल. आणि मोबाइल गेला.

आम्ही स्टेजवर रांगा लावल्या. स्टॉपवॉच समोर उभा राहिला, हात वर केला आणि तसाच राहिला. चेहरा पांढराफटक. समोर सहा डेपोंची माणसं, बाजूला परीक्षक, सहा मिनिटं झाली की वाजवायची घंटी घेतलेली बाई. मग तो वळला, रांगांमधून थेट मागे माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "मला लय आठवत नाहीये. तुम्ही या." एवढा ताठ माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेलो.

दोन बोटं गळ्याकडे गेली आणि अर्ध्या वाटेत थांबली. माझी नाडी आता या गाण्याची राहिली नव्हती. ती आता भरलेल्या गाड्यांची, तिच्यावर गायलो तर बाद. आणि घाबरल्यामुळे ती आत्ता पळत असली तरी पुढच्या कडव्याला कुठे असेल याचा काय भरवसा? सबंध सभागृह माझ्या अर्धवट उचललेल्या हाताकडे बघत होतं.

पहिल्या रांगेत, अगदी समोर, हरवलं-सापडलंच्या बाई उभ्या होत्या. मी काय करतोय हे कळायच्या आत त्यांच्यासमोर हात पुढे केला. म्हटलं, बाई, नाडी द्या. त्यांनी काही न विचारता मनगट माझ्या हातात दिलं. दोन बोटं टेकवली, आणि काय सांगू, बाईंची नाडी सुसाट होती. अगदी हवी तशी. जिने चढून धाप लागत नाही ती बाई उभ्या जागी अशी. मी चार ठोके घेतले आणि उजवा हात खाली आणला.

डाव्या हातातलं त्यांचं मनगट मी सोडलंच नाही. दर कडव्याआधी पुन्हा बोटं लावावी लागली असती, त्यात वेळ गेला असता. तिसरं कडवं बाईंनी तसंच गायलं, एक हात माझ्या हातात. नाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच दौडत होती, एकदाही उतरली नाही. पहाट झाली, बस सुटली, गाव जागं झालं. घंटी वाजली नाही.

दुसरा नंबर आला. पहिला आमच्या शेजारच्या डेपोला, परीक्षक त्यांच्या ओळखीचे असणार. परतीच्या बसमध्ये समितीची उभ्या उभ्या बैठक झाली आणि गुरुवार माझे मला परत मिळाले. स्टॉपवॉच माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, गाणं चार मिनिटं चाळीस सेकंदांचं झालं असावं, त्याने मनात मोजलं. मी विचारलं, घड्याळाशिवाय? म्हणाला, हो, मलाही आश्चर्य वाटलं.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी मला बाईंची काळजी वाटायला लागली. रोज व्यायाम करणाऱ्या माणसाची नाडी अशी धावत असेल तर आत काहीतरी बिघाड असला पाहिजे. त्या तलावावर फेरी मारतात हे माहीत होतं, म्हणून तिकडे गेलो. त्या भेटल्या. सोबत अर्धी फेरी मारली आणि बाकावर टेकलो.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे अंगावर काढू नका, डॉक्टरीणबाईंना दाखवा. बाई म्हणाल्या, मार्चमध्येच दाखवलं, वार्षिक तपासणीत. अडुसष्ट निघाली. मी म्हटलं, मग काल स्टेजमुळे झालं असेल. त्या म्हणाल्या, स्टेजची मला भीती नाही, शाळेपासून गाते. मी म्हटलं, तर मग डॉक्टरीणबाईंचं यंत्र तपासायला हवं.

बाई तलावाकडे बघत होत्या. मग त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं. म्हणाल्या, "आता बघा. इथे स्टेज नाही, घंटीवाली बाई नाही."

मी बोटं लावली. तीच दौड. काल होती त्याहून कणभर जास्तच. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, एकदा स्वतःचीही बघा. मी दुसऱ्या हाताची बोटं गळ्याला लावली. आज मी धावलो नव्हतो. घाबरायचं काही कारण नव्हतं. दहा मिनिटं बाकावर बसून होतो आणि माझं हृदय आता चांगलं कमावलेलं आहे, डॉक्टरीणबाईंचा दाखला आहे. तरी ते बाईंच्या नाडीच्या पावलाशी पाऊल जुळवून पळत होतं.

मी डोळे मिटले आणि मोजायला लागलो. मधेच आकडा चुकला. पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकला. बाईंनी विचारलं, किती झाले. मी म्हटलं, अजून थोडा वेळ लागेल असं दिसतंय.

"सावकाश मोजा," बाई म्हणाल्या. "आज सुट्टी आहे."